आमोसदादाबरोबर फ्रिस्कोला

अमेरिकेहून आले म्हटल्यावर सगळे पहिल्यांदा विचारतात, "काय काय पाहिलंत?" मी शुगर लँडमधलं एक घर पाहिलं, फ्रिस्कोतला एक हॉल पाहिला, त्या दोन गावांमधला साडेचार तासांचा रस्ता पाहिला आणि एक दफनभूमी पाहिली. दोन्ही गावं टेक्सासमधली. समुद्र, धबधबे, उंच इमारती यांबद्दल ज्यांना वाचायचं असेल त्यांनी दुसऱ्या कुणाचं वाचावं. माझा थोरला भाऊ आजारी होता, म्हणून मी गेले. सासवडजवळ माझी अंजिराची बाग आणि लहानशी रोपवाटिका आहे. मिठा बहार, म्हणजे उन्हाळ्यातलं पीक, उतरून गेला होता, त्यामुळे महिनाभर निघता आलं.

भावाचं नाव आमोस. हे नाव कुठून आलं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमचे वडील, नाना, ख्रिस्ती कीर्तनकार होते. फेटा बांधून, उपरणं घेऊन, पेटी-तबल्याच्या साथीनं गावोगाव शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, कथा सांगायचे. त्यांचं सर्वांत गाजलेलं कीर्तन आमोस संदेष्ट्याचं. बारा लहान संदेष्ट्यांपैकी हा एक. लहान म्हणायचं ते त्याचं लिखाण थोडकं म्हणून, माणूस लहान म्हणून नव्हे. दक्षिणेकडच्या तकोवा गावचा मेंढपाळ. हंगामात उंबरासारख्या एका झाडाच्या फळांना चिरा द्यायचं काम करायचा. चीर दिल्याशिवाय ते फळ पिकत नाही म्हणतात. हा माणूस एके दिवशी मेंढरं सोडून उत्तरेच्या राज्यात गेला. तिथे सुबत्ता होती, हस्तिदंती पलंग होते, देवळांत गाणीबजावणी होती. त्याने भर सणात उभं राहून सांगितलं की तुमची गाणी देवाला नकोत, तुम्ही गरिबाला चपलांच्या जोडापायी विकता. तिथल्या देवळाच्या याजकाने त्याला हाकलून दिलं. पुढे त्याचं काय झालं ते कुणालाच नक्की ठाऊक नाही.

चपलांच्या जोडापाशी नाना आपल्या पायातली वहाण काढून हातात धरायचे. शेतमजुरांच्या वस्तीत लोक उठून उभे राहायचे. मी मागे झांज वाजवायला असायची, नऊ वर्षांची असल्यापासून. सगळं कीर्तन मला पाठ होतं. पण नाव दादाला दिलेलं होतं, म्हणजे कीर्तनही दादाला जाणार होतं. दादा इंजिनिअर होऊन अमेरिकेला गेला. नाना गेले आणि कीर्तन संपलं.

शुगर लँड

विमानतळावर मला घ्यायला प्रज्ञा आली होती. दादाच्या शेजारच्या घरात ती आणि तिचा नवरा राहतात. ती मूळची नागपूरची, बाबासाहेबांच्या चळवळीतल्या घरातली, इथे तेलाच्या कंपनीत इंजिनिअर. गाडीत बसल्या बसल्या म्हणाली, "मावशी, काकांना बघून शॉक होऊ नका. खूप वेट लॉस झालाय."

बाहेर अशी दमट उष्णता की चष्म्यावर वाफ धरते, आणि घरात इतकं गार की स्वेटर लागतो. दादा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता, नाकात ऑक्सिजनची नळी. फुफ्फुसाच्या कॅन्सरने आवाजाची नस गेली होती. फक्त कुजबुज उरली होती.

"मार्थे, विमानात जेवलीस का?"

"जेवले. तू काय खातोस?"

"काही नाही."

मी आधी स्वयंपाकघर पाहिलं. एका कपाटात औषधं आणि दुसऱ्यात औषधं. नाचणीचं पीठ मी सोबत आणलं होतं, त्याची पेज केली. चार चमचे गेली. मागच्या अंगणात अंजिराचं झाड होतं, बारीक तपकिरी फळांचं, भरून आलेलं. त्याला कुणी छाटलेलं नव्हतं आणि अर्धी फळं पाखरांनी खाल्लेली. मला ते पाहवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रज्ञाकडून कात्री आणून मी वाळक्या फांद्या काढल्या. दादा काचेतून बघत होता. आत आल्यावर म्हणाला, "मला फ्रिस्कोला जायचंय."

फ्रिस्कोत तो पूर्वी राहायचा. तिथे मराठी ख्रिस्ती मंडळी दर रविवारी दुपारी एका भाड्याच्या हॉलमध्ये जमते. मला वाटलं, जुन्या लोकांना भेटायचं असेल. मग त्याने सांगितलं. सांगायला तासभर लागला, कारण दर दोन वाक्यांनंतर त्याला थांबावं लागे.

बारा वर्षांपूर्वी त्या मंडळीत शमुवेल नावाचे एक गृहस्थ आणि त्यांची बायको सरोज घरून पोळी-भाजीचे डबे द्यायचे. त्यांच्याकडे महाराष्ट्रातली एक बाई कामाला राहिली. ती घराबाहेर पडायची नाही, कुणाशी बोलायची नाही. तिचा पासपोर्ट शमुवेलच्या कपाटात आहे असं कुणीतरी दादाला सांगितलं. दादाने शमुवेलला विचारलं, पासपोर्ट तुझ्याकडे आहे का? ते म्हणाले, आहे. दादाने विचारलं, का? ते म्हणाले, ते मी सांगणार नाही.

पुढच्या रविवारी कापणीचा सण होता. दादाने माइक घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं नानांचं कीर्तन केलं. चपलांच्या जोडापाशी आला, पायातला बूट काढून हातात धरला, आणि सगळ्यांसमोर शमुवेलकडे बोट दाखवलं.

"लोक उठून उभे राहिले," दादा म्हणाला. "नानांसाठी राहायचे तसे."

शमुवेल काहीच बोलले नाहीत. डबे बंद झाले. लोकांनी त्यांच्याकडे जाणं सोडलं. सरोजवहिनी मंडळीत यायच्या थांबल्या. गेल्या वर्षी त्या कामवाल्या बाईचाच दादाला फोन आला. तिचा नवरा तिला मारायचा, ठार करीन म्हणायचा. ती पळून शमुवेलकडे आली होती. पासपोर्ट नवऱ्याच्या हाती लागू नये म्हणून तिनेच तो ठेवायला दिला होता. ती कुठे आहे हे कुणाला कळू द्यायचं नाही असं शमुवेलनी तिला वचन दिलं होतं, आणि त्यांनी ते पाळलं. फोन आला तोवर सरोजवहिनी वारल्या होत्या.

"फोनवर माफी मागायची," मी म्हटलं.

"फोनवर बदनामी केली नव्हती."

त्याची मुलगी रिबेका लांब, रेडमंडला असते. तिचा फोन आला. "आत्या, ही इज नॉट फिट टू ट्रॅव्हल. प्लीज डोन्ट लेट हिम." मी तिला सांगितलं की तो फिट होण्याची वाट पाहायला आता वेळ नाही. ती रडायला लागली. एवढं सरळ बोलायला नको होतं, पण दुसरं कसं बोलतात ते मला येत नाही. ती आठवड्याने येणार होती. त्याआधी जाऊन येणं भाग होतं.

रस्त्यावर

शनिवारी सकाळी निघालो. प्रज्ञा गाडी चालवत होती. दादाला मागे उशा लावून बसवलं, शेजारी मी, पायाशी बॅटरीवर चालणारं ऑक्सिजनचं मशीन. सोबत प्रज्ञाने झुणका आणि ज्वारीच्या भाकऱ्या बांधून घेतल्या होत्या. टेक्सासमध्ये ज्वारी पिकते हे मला ठाऊक नव्हतं. इथे ती जनावरांना घालतात म्हणे.

ह्यूस्टन मागे पडलं तसा पाइनचा दाट पट्टा आला, आणि तो संपल्यावर सपाट गवताळ माळ. ओकच्या सावलीला गाई बसलेल्या, आपल्याकडच्या दीडपट अंगाच्या. दादाने माझा हात हलवला.

"बाशानच्या गाई."

आम्ही दोघं हसलो. श्रीमंत बायकांना आमोस संदेष्टा बाशानच्या लठ्ठ गाई म्हणतो. तिथे नाना पाटलिणीची नक्कल करायचे आणि बायकाच सर्वांत जास्त हसायच्या. प्रज्ञाला सांगितलं तर ती म्हणाली, "हे तर बॉडी शेमिंग झालं, काका!"

"झालंच," दादा म्हणाला.

अर्ध्या वाटेत मशीन पिंपिं करू लागलं. बॅटरी संपत आली होती. चार्जरची गाडीतली पिन मी घरीच विसरले होते. औषधं दोनदा मोजून घेतली आणि पिन विसरले. प्रज्ञाने गाडी एका प्रचंड पेट्रोल पंपावर घेतली. तिथे शंभरेक गाड्या एकदम पेट्रोल भरत होत्या आणि आत आठवडे बाजाराएवढं दुकान. कॉफीच्या मशीनमागे भिंतीत प्लग सापडला. हॅट घातलेल्या एका म्हाताऱ्याने काही न विचारता कुठूनतरी खुर्ची आणून दिली, दादाला बसवलं, मला "मॅम" म्हणाला आणि निघून गेला. सुक्या मांसाच्या बरण्या आणि टी-शर्टांच्या ढिगांमध्ये आम्ही पाऊण तास बसलो.

तिथे दादा म्हणाला, "मंडळीसमोर तू बोल."

"मी का? चूक तुझी."

"आवाज कुठाय?"

"कीर्तन तुला दिलं, नाव तुला दिलं. मी जन्मभर झांज वाजवली. आता माफी मागायला मी?"

त्याने नाकातली नळी सारखी केली. मग म्हणाला, "नाना सांगायचे, चीर दिली की फळ पिकतं. मी चीर दिली, मार्थे."

मी अंजीरवाली बाई आहे. मला माहीत आहे ते मी सांगितलं. नानांच्या गोष्टीतल्या त्या झाडाचं असेल तसं. आपल्या अंजिराला चीर गेली की मुंग्या शिरतात आणि दोन दिवसांत फळ आंबतं. कुठलं झाड आहे ते आधी बघावं लागतं.

हे त्या वेळी बोलायला नको होतं. पण बोलले.

फ्रिस्को

फ्रिस्को म्हणजे कालच बांधलेलं वाटावं असं गाव. एकसारखी विटांची घरं, एकसारखी हिरवळ आणि दर चौकात भारतीय किराण्याचं दुकान. शमुवेलभाऊंचं घर जुन्या भागात, लहानसं. त्यांनी दार उघडलं. सत्तरीचा उंच माणूस, हाताला पीठ लागलेलं.

त्यांनी दादाकडे पाहिलं, मग नळीकडे. मग म्हणाले, "आत या. एसी बाहेर चाललाय."

स्वयंपाकघरात बसलो. ते पोळ्या लाटत होते. एकट्यासाठी चार, असं त्यांनीच सांगितलं, दोन आत्ता आणि दोन सकाळी. आम्ही आलो म्हणून आणखी कणीक घेतली. भिंतीवर सरोजवहिनींचा फोटो. दादा बोलू लागला. शमुवेलभाऊंनी गॅस बंद केला, खुर्ची ओढून जवळ बसले, कारण नाहीतर ऐकू येत नव्हतं. सगळं ऐकून घेतलं.

"झालं?" ते म्हणाले.

दादाने मान हलवली.

"त्या दिवशी माइक होता तुझ्या हातात. सव्वाशे माणसं होती. आज माझ्या सैपाकघरात येऊन कानात बोलतोस."

"उद्या मंडळीत बोलणार. ही बोलेल."

शमुवेलभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, बोलायचं तर बोला. पण त्या बाईचा शब्दही काढायचा नाही. तिच्या नवऱ्याचा भाऊ हल्ली पुढच्याच रांगेत बसतो."

"मग लोकांना कारण कसं कळणार?" प्रज्ञा म्हणाली. "विदाउट एनी एक्स्प्लनेशन कोण विश्वास ठेवेल, काका?"

"कोणी नाही ठेवणार," ते म्हणाले. "म्हणून तर मी बारा वर्षं बोललो नाही. तुम्ही पोळी घ्या गरम आहे तोवर."

आम्ही जेवलो. वांग्याची भाजी उत्तम होती. दादाने भाजीच्या रसात भिजवून पोळीचे दोन घास खाल्ले. मी आल्यापासून त्याने चावून खाल्लेलं तेवढंच.

रविवारी हॉलमध्ये साठ-सत्तर लोक होते. भक्ती झाल्यावर मंडळीचे वडील, म्हणजे प्रमुख, एक डॉक्टर आहेत, ते म्हणाले की आपले जुने बंधू आमोस आले आहेत, त्यांच्या भगिनी दोन शब्द बोलतील. शमुवेलभाऊ शेवटच्या रांगेत टोकाला होते. ही मंडळी त्यांनी कधीच सोडली नव्हती. खुर्च्या मांडण्या-उचलण्याचं काम ते अजून करतात.

मी बागेतल्या गड्यांशी बोलते तेवढ्याच आवाजात बोलले. "बारा वर्षांपूर्वी माझ्या भावाने इथे उभं राहून शमुवेलभाऊंवर आरोप केला. तो खोटा होता. शमुवेलभाऊंनी कुणाचंही वाईट केलं नाही. जे केलं ते चांगलं केलं. कारण मला माहीत आहे, ते मी सांगणार नाही. माझ्या भावाने नीट चौकशी केली नाही. त्याला बोलायची घाई झाली होती. तुम्ही सगळे तेव्हा उभे राहिला होतात. माझा भाऊ त्यांची माफी मागतो. तुम्हीही मागावी."

एवढंच. दोन मिनिटंही लागली नसतील.

डॉक्टर उठले, दादाजवळ आले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आपल्या बंधूंसाठी प्रार्थना करू या. या दुखण्यातही त्यांनी केवढी नम्रता दाखवली!" मग सगळेच उठले. दादाच्या भोवती गर्दी झाली. कुणी त्याचा हात धरला, कुणी रडलं, तरुण पोरांनी फोटो काढले. एक बाई मला मिठी मारून म्हणाल्या, "किती मोठं मन हो तुमच्या भावाचं!"

"मोठं मन नाही. चूक केली त्याने."

त्यांनी माझी पाठ थोपटली. मग हळूच विचारलं, "पण पासपोर्ट होता ना त्यांच्याकडे? आम्ही ऐकलं होतं."

मला उत्तर देता येत नव्हतं. मी गप्प बसले आणि माझं गप्प बसणं त्यांना पुरलं.

माणसांच्या फटीतून दादा मागे बघत होता. शेवटची रांग रिकामी होती. शमुवेलभाऊ तिकडे टेबलं उघडून त्यावर कागदी ताटल्या मांडत होते. चिकनचा रस्सा, पुऱ्या, कुणीतरी आणलेली बिर्याणी. त्यांच्याजवळ कुणीही गेलं नाही. दादाने उठायचा प्रयत्न केला. नळी ताणली गेली आणि डॉक्टरांनी त्याला प्रेमाने परत खाली बसवलं.

परत

परतीच्या रस्त्यावर गाईंचा माळ पुन्हा लागला. मग दादा म्हणाला, "जमलं नाही ना?"

"नाही."

"मला हार घातल्यासारखं केलं त्यांनी."

प्रज्ञा समोर बघत म्हणाली, "काका, एक बोलू? बोलणारा माणूस पाहिजेच. माझ्या आजोबांना गावात विहिरीवर पाणी नाही घेऊ दिलं, तेव्हा सगळे चांगले चांगले लोक चूपच बसले होते. तुमचा तो आमोस मला आवडला, यार. फक्त तुम्ही चुकीच्या माणसाकडे बोट दाखवलं."

"तेच," दादा म्हणाला.

काही वेळाने त्याने मला विचारलं, "मार्थे, कीर्तनात एक ओळ होती. अशा काळात शहाणा माणूस गप्प राहतो, अशी. नाना ती कशी म्हणायचे?"

मी आठवून पाहिलं. आमोसच्या तोंडी तसं आहे खरं, आपल्या संतापाच्या मधोमध. काळ वाईट आहे, समंजस माणूस गप्प राहील. सगळं कीर्तन मला पाठ आहे, त्यामुळे खात्रीने सांगू शकले.

"नाना ती घेतच नसत, दादा. गाळायचे. तिथे मला झांज जोरात वाजवायला सांगायचे."

त्याने डोळे मिटले. पाइनची झाडं लागली तोवर झोपला होता.

पुढचे दिवस लिहिण्यासारखे नाहीत. हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या शुश्रूषेची, नर्स रोज यायची, औषधाचे थेंब जिभेखाली कसे घालायचे ते तिने मला शिकवलं. रिबेका आली. बापलेक इंग्रजीत कुजबुजायचे. मी पेज करायची आणि टाकून द्यायची. एकदा त्याने शमुवेलला फोन लाव म्हणून खूण केली. मी लावला, कानाशी धरला. पलीकडून "हॅलो, हॅलो" ऐकू येत होतं. दादाचे ओठ हलत होते, पण कुजबुजही निघत नव्हती. थोड्या वेळाने मीच सांगितलं, "शमुवेलभाऊ, आमोस आहे फोनवर. त्याला बोलता येत नाही." ते म्हणाले, "बरं." फोन ठेवला नाही. पाच मिनिटं तसाच चालू राहिला, मग दादाने तोंड फिरवलं.

फ्रिस्कोहून आल्यावर बाराव्या दिवशी, दुपारी, तो गेला.

आपल्याकडे माणूस गेला की दुसऱ्या दिवशी सगळं आटोपतं. तिथे पाच दिवसांनी तारीख मिळाली, तीही बुधवारची. फ्रिस्कोच्या मंडळीने भला मोठा पुष्पगुच्छ पाठवला आणि कामाचा दिवस असल्यामुळे ऑनलाइन लिंक मागितली. रिबेकाने पाठवली. साठजणांनी पाहिलं म्हणे.

दफनभूमी सपाट, दगड जमिनीलगत बसवलेले, एकही उंच थडगं नाही, गवत कापायचं मशीन फिरावं म्हणून. गाडीपासून खड्ड्यापर्यंत शंभरेक पावलं पेटी न्यायची होती. पेटीला सहा कड्या. मी, रिबेका, प्रज्ञा, तिचा नवरा आणि गुडघा दुखणारे एक शेजारी, एवढे आम्ही. दफनाच्या कंपनीचा माणूस म्हणाला, हरकत नाही, सहावी कडी मी धरतो. त्याने पांढरे हातमोजे चढवले.

तेवढ्यात मागून शमुवेलभाऊ आले. काळा कोट, पाठ घामाने भिजलेली. पहाटे निघून एकटे गाडी चालवत आले होते. त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला केलं आणि कडी धरली. त्यांच्या पुढच्या कडीला मी होते.

आम्ही उचललं आणि चालू लागलो. अर्ध्या वाटेत मला राहवलं नाही. मान न वळवता मी विचारलं, "माफ केलंत त्याला?"

"नाही," ते म्हणाले. दोन-चार पावलं तसेच चालले. मग म्हणाले, "सरोजच्या वेळी आम्ही चौघंच होतो, ताई. फार जड झालं होतं."